सोडलेल्या मालाची किंमत

कापडाच्या धंद्यात प्रत्येक ताक्याच्या शेवटी काही ना काही उरते. कधी दीड मीटर, कधी पावणेदोन. गिऱ्हाईक तो तुकडा हातात घेते, उलटून पाहते आणि बाजूला ठेवते. ईद आणि दिवाळीचा हंगाम आटोपला, की दुकानदार असे सारे तुकडे गठ्ठ्यात बांधतो आणि कटपीसवाल्याला वजनावर देऊन मोकळा होतो. कटपीसवाला तोच गठ्ठा सोडतो, रंगाला रंग आणि पोताला पोत लावतो, आणि त्याच पेठेच्या दुसऱ्या टोकाला त्यावर घर चालवतो. कापड तेच, गिरणीही तीच. फक्त दुकान बदलले. पिकते तिथे विकत नाही, असे मराठीत म्हणतात ते उगाच नाही.

आज हे लिहिण्याचे निमित्त मात्र कापडाचे नाही, एका परदेशी खेळाचे आहे. आमचा भाचा कॅनडात नोकरीला असतो. आपल्याकडे क्रिकेटचे जसे वेड, तसे तिकडे बर्फावरच्या हॉकीचे. सुटीत घरी आला, की त्याच्या तोंडी तेच. एका रात्री त्याने लास वेगसच्या संघाच्या पहिल्या हंगामाची हकीकत सांगितली. आम्ही जन्मात बर्फ पाहिला तो सरबताच्या गाडीवर. तरी जेवण बाजूला ठेवून ऐकत बसलो. कारण ही हकीकत खेळाची असली, तरी तिच्यात सारा आपला बाजार आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्या देशात बर्फावरची हॉकी लेह-कारगिलकडे खेळतात. पायात पात्याचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूऐवजी रबराची जाड चकती. गोलरक्षक धरून एका बाजूला सहा गडी. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. दमछाक इतकी, की गडी मिनिटभर पळाला की बाहेर येतो आणि दुसरी तुकडी आत जाते. त्यामुळे एका नामांकित गड्यावर भागत नाही. पाळीपाळीने आत जाणाऱ्या साऱ्या तुकड्या कामाच्या लागतात. ज्याने कारखाना चालवला आहे, त्याला हे लगेच कळेल.

अमेरिका आणि कॅनडा मिळून चालणारी नॅशनल हॉकी लीग ही या खेळाची सर्वांत मोठी पेठ. 2016 साली त्या पेठेत 30 संघ होते. हंगामात प्रत्येक संघ तेव्हा 82 सामने खेळे. 16 संघ पुढे जातात, आणि पुढच्या चार फेऱ्या जिंकेल त्याला स्टॅन्ली कप मिळतो.

लास वेगस हे वाळवंटातले, जुगारासाठी प्रसिद्ध असलेले शहर. अमेरिकेतील चार मोठ्या खेळांपैकी एकाही खेळाचा मोठा संघ तोवर तिथे नव्हता. बिल फोली नावाच्या उद्योगपतीने तिथे संघ काढायचे ठरवले. जमीन-घरांच्या मालकी हक्काच्या विम्यात त्याने पैसा कमावला होता. त्याने पहिले काम काय केले, ते पाहण्यासारखे आहे. परवाना नाही, माल नाही, संघाला नाव नाही, आणि 2015 साली त्याने हंगामी तिकिटांचा बयाणा घ्यायला सुरुवात केली. दहा हजारांवर गिऱ्हाइकांनी पैसे भरले. आपल्यातले कित्येक जण आधी दुकान सजवतात आणि मग गिऱ्हाईक शोधतात. या माणसाने आधी गिऱ्हाईक मोजले.

जून 2016 मध्ये परवाना मिळाला. त्यासाठी पागडी किती? 50 कोटी डॉलर. ही रक्कम पेठेतल्या जुन्या 30 मालकांनी वाटून घेतली. नव्या माणसाने पेठेत यायचे तर जुन्यांचा खिसा भरून यायचे, हा रिवाज तिकडेही आहे. संघाचे नाव ठरले, वेगस गोल्डन नाइट्स.

आता माल कुठून आणायचा? लीगने नियम केला, की प्रत्येक जुन्या संघाने आपले मोजके गडी राखून ठेवावेत, साधारण सात आघाडीचे, तीन बचावाचे आणि एक गोलरक्षक. राहिलेल्यांतून नव्या संघाने प्रत्येकाचा एक गडी उचलावा. म्हणजे 30 दुकानांनी आपले उत्तम ताके फडताळात ठेवून कुलूप लावायचे, आणि नव्या दुकानदाराने बाहेर राहिलेल्या ढिगातून निवड करायची. 21 जून 2017 रोजी ही निवड जाहीर झाली. पहिल्या वर्षी हा संघ तळाला राहील, असे बहुतेक जाणकार धरून चालले होते. तसे समजायला कारणही होते. लीगमध्ये नव्या संघाने पहिल्या हंगामात जिंकलेल्या सामन्यांचा तोवरचा उच्चांक होता 33. आणि वॉशिंग्टनचा संघ 1974-75 साली नवा आला, तेव्हा 80 पैकी फक्त 8 सामने जिंकला होता.

उचललेला माल कसा होता, तेही पाहू. विल्यम कार्लसन हा कोलंबसचा गडी. आदल्या हंगामात 81 सामन्यांत त्याचे गोल 6. कोलंबसवाल्यांच्या गळ्यात दुसऱ्या एका जखमी गड्याचा महागडा करार अडकला होता. तेवढे ओझे उचला आणि आमचे बाकीचे गडी सोडा, म्हणून त्यांनी कार्लसन दिला आणि वर पुढच्या वर्षांतील होतकरू पोरे निवडण्याचे दोन हक्कही दिले. म्हणजे माल न्या आणि गाडीभाडेही आमच्याकडून घ्या, असा सौदा. जोनाथन मार्शेसो हा लहान चणीचा गडी. उमेदवारीच्या वयात त्याला कोणत्याही संघाने निवडले नव्हते. संघ बदलत बदलत तो फ्लोरिडात आला आणि तिथे 30 गोल केले, तरी फ्लोरिडाने त्याला राखले नाही. रायली स्मिथ याचा पगार जड वाटला म्हणून फ्लोरिडाने तोही देऊन टाकला. गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लुरी पिट्सबर्गचा, तीन वेळा कप जिंकलेला. पण तिथे तरुण गोलरक्षक पुढे आला होता, आणि कुलपात जागा एकाचीच होती.

प्रशिक्षक जेरार्ड गॅलंट यांनाही फ्लोरिडानेच नोव्हेंबर 2016 मध्ये परगावच्या सामन्यानंतर काढले होते. सामान घेऊन टॅक्सीजवळ उभे असलेले त्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रांत आले. आणि खरेदी करणारे व्यवस्थापक जॉर्ज मॅकफी? त्यांनी वॉशिंग्टनचा संघ 17 वर्षे सांभाळला होता, 2014 साली त्यांनाही तिथून निरोप मिळाला होता. थोडक्यात, खरेदीदार सोडलेला, मुकादम सोडलेला आणि मालही सोडलेला.

हंगाम सुरू व्हायला आठवडाही उरला नसताना, 1 ऑक्टोबर 2017 च्या रात्री, शहरावर आभाळ कोसळले. एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून गाण्याच्या कार्यक्रमाला जमलेल्या गर्दीवर गोळ्या झाडल्या. 58 माणसे गेली. पुढे जखमांनी दगावलेले धरून हा आकडा 60 झाला. 10 ऑक्टोबरला संघाचा घरच्या मैदानावर पहिला सामना होता. ज्या दिवसासाठी मालकाने 50 कोटी मोजले, तो उद्घाटनाचा दिवस. अशा दिवशी बर्फाच्या कडेच्या फळ्यांवरील जाहिरातींचे मोल किती असेल! त्या रात्री त्या फळ्यांवर एकही जाहिरात नव्हती, फक्त शहराला धीर देणारे शब्द होते. गड्यांबरोबर डॉक्टर, परिचारिका, पोलीस आणि आग विझवणारे बर्फावर उभे राहिले. 58 सेकंद स्तब्धता पाळली गेली. मग खेळ सुरू झाला आणि पहिल्या भागातच संघाने चार गोल केले. त्यांतला एक डेरिक एंगेलंडचा. हा गडी उमेदवारीच्या काळात त्याच शहरातल्या एका छोट्या संघात खेळला होता आणि तिथेच स्थायिक झाला होता.

धंद्याच्या पानावर हे कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की गिऱ्हाईक त्या रात्री जोडले गेले. बयाणा भरलेले गिऱ्हाईक वेगळे आणि दुःखात आपल्या शेजारी उभा राहिलेला दुकानदार ज्याने पाहिला ते गिऱ्हाईक वेगळे. दुसरे पिढ्यान्‌पिढ्या दुकान सोडत नाही. पुढे संघाने 58 हा आकडा कायमचा बाजूला ठेवला. तो आकडा पाठीवर घालून तिथे कोणी खेळणार नाही.

संकटे तिथेच संपली नाहीत. ऑक्टोबर संपेपर्यंत फ्लुरी धरून तीन गोलरक्षक जखमी झाले आणि चौथ्यावर वेळ आली. तरी संघ जिंकत राहिला. 82 पैकी 51 सामने जिंकले, 109 गुण झाले आणि आपल्या गटात पहिला क्रमांक आला. सहा गोलवाल्या कार्लसनने 43 गोल केले. मार्शेसो आणि स्मिथ, एकाच दुकानाने बाहेर ठेवलेले दोन तुकडे, त्याच्या दोन बाजूंना जोडले गेले आणि ती जोडणी लीगमधल्या उत्तम जोडण्यांत गणली गेली. पुढच्या फेरीत फ्लुरीने लॉस एंजेलिसला चार सामन्यांत मिळून तीनच गोल करू दिले. मग सॅन होजे, मग विनिपेग. नवा संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला.

तिथे गाठ पडली वॉशिंग्टनशी. तोच संघ, ज्याने पहिल्या वर्षी फक्त 8 सामने जिंकले होते, ज्याला मॅकफींनी 17 वर्षे घडवले होते, आणि ज्यातले मोठे गडी मॅकफींच्याच निवडीचे होते. वेगसने पहिला सामना जिंकला, पुढचे चार गमावले. 7 जून 2018 रोजी कप वॉशिंग्टनने उचलला. त्यांचा तो पहिलाच कप. मॅकफींची जुनी खरेदी नव्या खरेदीवर भारी पडली, असे म्हणावे लागेल.

काही जण म्हणाले, यात कौतुक कसले, नियमच नव्या संघाच्या सोयीचे होते. या शंकेला काळाने उत्तर दिले. 2021 साली सिएटलचा संघ आला. पागडी वाढून 65 कोटी झाली होती. निवडीचे नियम तेच, ढीगही तसाच. पण जुने मालक शहाणे झाले होते, कोणी गाडीभाडे देईना. सिएटलने पहिल्या हंगामात 27 सामने जिंकले आणि पुढच्या फेरीचे दार लांबूनच पाहिले. ढीग सर्वांसाठी सारखाच असतो. कोणी त्यातून सदरा काढतो, कोणी नुसत्या चिंध्या घरी आणतो. फरक नजरेचा आणि जोडणीचा असतो, शिवाय समोरचा माल विकायला किती उतावळा आहे, ते ओळखण्याचा असतो.

मग आधीच्या 30 दुकानांना हे गडी दिसले नाहीत काय? दिसले. पण एक तर त्यांच्या कुलपात जागा मोजकी होती. दुसरे, तिथे पगारावर कमाल मर्यादा आहे. 2017-18 साली ती साडेसात कोटी डॉलर होती. एकाला जास्त दिले की दुसऱ्याला काढावे लागते. तिसरे कारण आम्हाला सर्वांत मोठे वाटते. माणूस एकदा ज्या जागी बसवला, त्या जागेवरूनच त्याची किंमत ठरते. कार्लसनला कोलंबसमध्ये खेळायला वेळच थोडा मिळे, आणि जेवढा मिळे तो चकती अडवण्यात जाई. गोल कुठून होणार? वेगसने त्याला पुढच्या तुकडीत बसवले. गडी तोच, जागा नवी.

इथपर्यंतची हकीकत ऐकून आम्ही भाच्याला म्हणालो, वा, काय दुकानदार आहे! तो हसला आणि म्हणाला, मामू, पुढचे ऐका.

पुढचे असे. जानेवारी 2020 मध्ये संघ लागोपाठ चार सामने हरला आणि गॅलंट यांना काढले. त्यांच्या जागी सॅन होजे या प्रतिस्पर्धी संघाचा माजी प्रशिक्षक बसवला. जून 2021 मध्ये फ्लुरीला लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून मान मिळाला आणि पुढच्याच महिन्यात संघाने त्याला शिकागोला देऊन टाकले. मोबदल्यात हाती पडले जवळजवळ शून्य. पगाराची जागा मात्र मोकळी झाली. त्या मोकळ्या जागांत मोठी नावे विकत आणली गेली. आणि खरेच, सहाव्या हंगामात, 13 जून 2023 रोजी, वेगसने स्टॅन्ली कप जिंकला. समोर होते फ्लोरिडावाले, मार्शेसो आणि स्मिथला सोडणारे. शेवटचा सामना 9-3. त्या सामन्याला प्रशिक्षकाने पहिल्या निवडीतले पाच जुने गडी एकत्र बर्फावर उतरवले. अंतिम टप्प्यातील सर्वोत्तम गड्याचा मान मार्शेसोला मिळाला. कप हाती येताच कर्णधाराने तो सर्वांत आधी रायली स्मिथच्या हाती दिला.

पंधरा दिवस झाले, तोच स्मिथला पिट्सबर्गला विकले. कारण पुन्हा तेच, पगाराची मर्यादा. पुढच्या हंगामात मार्शेसोने 42 गोल केले आणि 2024 च्या उन्हाळ्यात तोही करार न जमल्याने दुसरीकडे गेला. मार्च 2025 मध्ये स्मिथला त्यांनीच पुन्हा परत आणले, तो भाग वेगळा.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. सोडलेल्या मालावर ज्याने दुकान उभे केले, त्यानेच सोडायला सुरुवात केली. हिशेबाने पाहिले तर त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. कप आला ना! पण खतावणीत बरोबर असलेली प्रत्येक गोष्ट बरोबर असतेच असे नाही, हे आम्ही दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या दुकानातून शिकलो आहोत.

बारा-तेरा वर्षांपूर्वी बाजारात मंदी होती. आमच्याकडे एक रफूगर होते, सारी पेठ त्यांना चाचा म्हणे. नजर कमी झाली होती, दिवसाकाठी दोन नगही हातून निघेनात. आम्ही कागदावर हिशेब मांडला आणि तो अगदी बरोबर निघाला. त्यांना म्हणालो, चाचा, आता घरी आराम करा. ते काही बोलले नाहीत. सुयांचा डबा उचलला, सलाम केला आणि पायऱ्या उतरले. सहा महिन्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या एका व्यापाऱ्याने त्यांना आपल्याकडे बसवले, रफू करायला नव्हे, माल तपासायला. गाठ फोडली की चाचा कापडावरून हात फिरवत आणि ताणा कुठे तुटला आहे ते बोटाने दाखवीत. पन्नास वर्षे त्या बोटांनी तेच तर केले होते. त्या दुकानातून डॅमेज माल आल्या पावली गिरणीकडे परत जाऊ लागला. आमच्याकडे तो फडताळात पडून राहू लागला. कार्लसनला कोलंबसने जसे चुकीच्या जागी बसवले, तसे आम्ही चाचांना बसवले होते. सुई हातातून घ्यायची होती, माणूस दुकानातून काढायचा नव्हता.

आणखी एक फरक लक्षात घ्या. तिकडच्या गड्याला विकले तरी त्याचा करार त्याच्याबरोबर जातो, ठरलेला पगार नवा मालक देतो. त्यांच्या मालकाला मर्यादा पाळण्याची सक्ती आहे, तशी गड्याची पोटाची सोयही लिहून ठेवलेली आहे. आपल्याकडे मात्र यंत्रमागावरच्या, रंगखात्यातल्या, शिलाईच्या कारागिराला शनिवारी हिशेब देऊन सोमवारी येऊ नको म्हणतात. ना कागद, ना करार. आपल्यावर अशी कोणती मर्यादा कोणी घातली आहे? बहुतेक वेळा ती आपणच मनात घालून घेतलेली असते.

म्हणून व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे. मंदीत माणूस कमी करण्याची वेळ कोणावरही येऊ शकते, आम्ही कोणाला नावे ठेवत नाही. पण काढण्याआधी एकदा विचारा, की माणूस निकामी झाला आहे, की आपण त्याला दिलेली जागा चुकली आहे? जागा बदलून पाहा, एक हंगाम जाऊ द्या. आणि तरीही काढावेच लागले, तर चार महिने आधी सांगा, हातावर काही ठेवा आणि दुसऱ्या दुकानी दोन शब्द चांगले घाला. ज्याने पेठेत आपले नाव केले, त्याला टॅक्सीजवळ एकटा उभा करू नका.

आणि ज्या कारागीर बंधूंना कोणी सोडले आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की मागच्या दुकानदाराने लावलेली चिठ्ठी ही त्याच्या फडताळाची किंमत असते. सहा गोलांची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाने पुढच्याच हंगामात 43 गोल केले आहेत.

चाचा आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाला आम्ही दोन वर्षांपूर्वी दुकानात बोलावले. तो आला नाही. पलीकडच्या गल्लीत, बापाच्या जागेवर, तो आजही गाठी तपासतो.